फिशिंग रॉडवर दोऱ्याचे रॅप सुबक कसे बांधायचे: ताणापासून इपॉक्सीपर्यंत

रॉड स्वतः बांधायचा ठरला की ब्लँक (रॉडची नुसती काठी) कुठला घ्यायचा, गाईड (लाइन ओवायच्या रिंगा) कुठल्या साइझचे, हँडल कॉर्कचं की ईव्हीए फोमचं यावर आपण महिनाभर चर्चा करतो आणि दोऱ्याचं काम मात्र शेवटी एका संध्याकाळी उरकू म्हणून ठेवून देतो. आणि रॉड तयार झाला की समोरच्याची पहिली नजर जाते ती नेमकी त्या दोऱ्यावरच. म्हणून आज फक्त दोऱ्यावर लिहितोय, गाईडचे रॅप (गाईड ब्लँकवर बांधणारे दोऱ्याचे वेढे), त्यातल्या रंगीत पट्ट्या, हँडलच्या वरचा डायमंड (फुलीफुलीची नक्षी) आणि शेवटचं इपॉक्सी, म्हणजे दोऱ्यावर चढवायचं पारदर्शक कवच. ब्लँकचा स्पाइन (त्याची जास्त ताठ बाजू) शोधून झालाय, हँडल आणि रील सीट (रील बसवायची जागा) चिकटलंय, गाईड कुठे येणार ते मार्क करून ठेवलंय असं धरून चालतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रॅप सुबक दिसतो तो डिझाइनमुळे नाही, ताणामुळे. एका रंगाचा साधा रॅप ज्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ताणात, फट न पडू देता घालता येतो त्याला पुढचं सगळं जमतं, आणि ज्याला तो येत नाही त्याने कितीही भारी पॅटर्न निवडला तरी इपॉक्सी लागल्यावर एकेक चूक भिंगातून बघावी तशी मोठी दिसते. त्यामुळे पहिला रॉड एकाच रंगात करा असं मी सगळ्यांना सांगतो आणि कुणी ऐकत नाही, पण तरी सांगतो.

दुसरं म्हणजे हे लक्षात घ्या की गाईड ब्लँकला चिकटवलेला नसतो, त्याला स्क्रू नसतो, भोक नसतं. तो फक्त दोऱ्याने धरलेला असतो आणि वर इपॉक्सीचं कवच. खडकावरून गरवताना मोठा जिताडा लागला आणि कपारीत घुसायला लागला की लाइनचा सगळा जोर गाईडवर, गाईडच्या पायावरून दोऱ्यावर आणि दोऱ्यावरून ब्लँकवर येतो. नक्षी नंतर, आधी ती पकड. जुन्या बांबूच्या रॉडवर तर दोरा याहून मोठं काम करायचा. १९व्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या पट्ट्या जोडून रॉड करायला लागले तेव्हा बांबू आपल्या भारतातून जायचा, त्याला तिकडे कलकत्ता केन म्हणायचे, नंतर चीनच्या ग्वांगडोंगमधला टॉनकिन केन आला आणि कलकत्ता मागे पडला. त्या काळी पट्ट्या जोडायला सरस वापरायचे, तो ओलाव्याने सुटण्याची भीती, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर रेशमाचे बारीक रॅप अख्ख्या रॉडभर घालायचे. आज ते जुने रॉड बघताना आपल्याला ती सजावट वाटते, पण रॉड उकलू नये म्हणून केलेली ती बांधणी होती.

दोरा कुठला

रॉडसाठीच बनवलेला नायलॉनचा दोरा घ्या. साइझला अक्षरं असतात, ए म्हणजे बारीक, डी म्हणजे जाडसर, मधे सी पण मिळतो. हलक्या स्पिनिंग रॉडला ए, सर्फ रॉडला (किनाऱ्यावरून लांब फेकायच्या) किंवा बोटीवरच्या जड रॉडला डी, असा साधारण हिशोब. शिकायला डी बरा कारण वेढे डोळ्याला दिसतात आणि काम पटकन पुढे सरकतं, ए मधे नक्षी जास्त बारीक आणि देखणी येते पण वेढे खूप घालावे लागतात आणि फट पडलेली दिसायला भिंग लागतं.

रंग निवडताना नवीन माणूस हमखास फसतो. साधा नायलॉन दोरा इपॉक्सी पिऊन अर्धपारदर्शक होतो, म्हणजे रिळावर लाल दिसणारा दोरा काळ्या ग्रॅफाइट ब्लँकवर गडद तपकिरीकडे झुकतो आणि पांढरा तर जवळपास गायबच होतो, खालचा ब्लँक दिसायला लागतो. रंग जसाच्या तसा हवा असेल तर दोन रस्ते आहेत, एक तर दोऱ्यावर आधी कलर प्रिझर्व्हर लावायचा किंवा एनसीपी (नो कलर प्रिझर्व्हर) दोरा आणायचा, त्याला प्रिझर्व्हरची गरज नसते. मी स्वतः गाईडच्या रॅपला साधा दोरा वापरतो, प्रिझर्व्हर न लावता, कारण इपॉक्सी दोऱ्याच्या आतपर्यंत मुरतं आणि गाईड, दोरा, ब्लँक सगळं एकजीव होतं. गडद निळा, गडद हिरवा, मरून हे रंग ओले झाल्यावर जी खोली दाखवतात ती एनसीपीमधे येत नाही. हँडलच्या वरच्या डायमंडला मात्र रंग उठून दिसायला हवेत, तिथे एनसीपीच. कुठलाही रंग नक्की करण्याआधी ब्लँकच्याच रंगाच्या टाकाऊ तुकड्यावर दोन सेंटीमीटर गुंडाळून इपॉक्सी लावून बघा, रिळाकडे बघून ठरवू नका.

मेटॅलिक म्हणजे जरीसारखा दोरा पट्टीसाठी फार सुंदर दिसतो. तो इपॉक्सी पीत नाही, रंग बदलत नाही. पण त्याला पीळ पटकन पडतो, कडेवर घासला की वरची चकाकी सोलून निघते आणि कापलेलं टोक उसवतं, म्हणून त्याचा ताण थोडा कमी ठेवायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचे वेढे असतीलच असं बघायचं. खरी जर वापरायचा मोह टाळा, तांब्या-चांदीची तार खाऱ्या हवेत काळी पडते.

रॉडचा दोरा बहुतेक ऑनलाइनच मागवावा लागतो आणि स्वस्त नसतो. सरावासाठी भुलेश्वरला किंवा पुण्यात रविवार पेठेत मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर दोरा मिळतो, ४० नंबरचा, रंग म्हणाल तितके. रेयॉन घेऊ नका, भिजल्यावर कमजोर होतो, आणि सुती दोऱ्याला तर हातच लावू नका, तंतू सुटतात आणि इपॉक्सीत केसाळ दिसतो.

दोरा किती लागेल हे काढायला सोपं आहे. ब्लँक १० मिमी जाड असेल तर एका वेढ्याला साधारण ३१ मिमी दोरा जातो. दोरा ०.२ मिमी जाड धरला तर एका सेंटीमीटरमधे ५० वेढे, म्हणजे दीड मीटरच्या थोडं वर. तीन सेंटीमीटरचा रॅप म्हणजे पावणेपाच मीटर. हे आधी केलं की शेवटच्या गाईडला रीळ संपायची वेळ येत नाही, आणि नवीन रिळातला त्याच नंबरचा रंग किंचित वेगळा निघाला तर ते रॉडवर लगेच कळतं.

स्टँड आणि ताण

विकतचा रॅपिंग स्टँड नसेल तर बुटाचा मजबूत खोका घ्या, दोन्ही उभ्या बाजूंना व्ही आकाराची खाच कापा, खाचेत जुन्या कापडाची पट्टी चिकटवा म्हणजे ब्लँकला चरे पडणार नाहीत. रॉड लांब असतो म्हणून बाहेर लोंबणाऱ्या टोकाला वेगळा आधार द्या. दोऱ्याचं रीळ एका कपात ठेवायचं आणि दोरा जाड पुस्तकाच्या पानांमधून काढून ब्लँकवर न्यायचा, वर आणखी एक पुस्तक ठेवलं की ताण वाढतो, काढलं की कमी. याहून चांगलं हवं असेल तर शिलाई मशीनच्या दुरुस्तीवाल्याकडून टेन्शनच्या दोन चकत्या, स्प्रिंग आणि नट असा सेट घ्या, फळीवर ठोका, झालं. नटाने ताण सेट होतो आणि तो तासभर तसाच राहतो, पुस्तकात पानं सरकतात त्यामुळे मधे मधे बघावं लागतं.

ताण किती? आकडा सांगण्यापेक्षा परीक्षा सांगतो. गाईडचे दोन्ही पाय बांधून झाले की अंगठ्याने नीट जोर लावल्यावर गाईड किंचित डावी-उजवीकडे सरकला पाहिजे. धक्का लागला तरी फिरत असेल तर ढिला, आणि जोर लावूनही हलत नसेल तर जास्त घट्ट. घट्ट म्हणजे चांगलं असं वाटतं सगळ्यांना, पण पातळ भिंतीच्या ग्रॅफाइट ब्लँकवर पायाचं टोक घट्ट दोऱ्याखाली ब्लँकमधे रुततं आणि पुढे रॉड वाकला की तिथूनच मोडतो. शिवाय शेवटी सगळे गाईड एका रेषेत आणायला तेवढी सरकण्याची जागा लागतेच.

ब्लँक फिरवायचा, दोरा नाही. दोरा समोरून येत राहतो आणि तुम्ही दोन्ही हातांनी ब्लँक स्वतःकडे फिरवत राहता. दोरा ब्लँकवर येताना अगदी थोडासा तिरका, झालेल्या वेढ्यांच्या बाजूला झुकलेला हवा, म्हणजे नवा वेढा आपोआप जुन्याला जाऊन चिकटतो. फार तिरका झाला तर तो जुन्यावर चढतो, उलट्या बाजूला झुकला तर फट पडते. हा कोन एकदा हाताला कळला की वेग येतो. हात साबणाने धुऊन बसा आणि शेजारी नॅपकिन ठेवा, आपल्याकडच्या दमट हवेत घामाने फिकट दोरा मळतो आणि तेलकट डागावर इपॉक्सी नीट बसत नाही.

गाईडचा पाय

हे काम बरेच जण टाळतात आणि मग विचारतात की पाय सुरू होतो तिथेच फट का पडते. नवीन गाईडच्या पायाचं टोक चांगल्या कंपनीचं असलं तरी बोथट असतं. दोरा ब्लँकवरून त्या टोकावर चढताना पायरी लागली की तिथे वेढे घसरतात आणि मधे काळी रेघ दिसते. म्हणून बारीक कानस घेऊन पायाच्या वरच्या बाजूला उतार द्यायचा, टोक जवळपास कागदासारखं पातळ होईपर्यंत, आणि मग बारीक पॉलिश पेपरने कडा गुळगुळीत करायच्या. खालच्या बाजूला बोट फिरवून बघा, कानशीने बारीक धार येते ती काढा नाहीतर ती ब्लँक कापते. कानस मारल्यावर वरचं कोटिंग जातं आणि उघडा धातू खाऱ्या पाण्यात गंजतो, म्हणून जेवढं घासलंय तेवढं सगळं दोऱ्याखाली आणि इपॉक्सीखाली झाकलं गेलंच पाहिजे.

मग एक पाय मास्किंग टेपच्या बारीक पट्टीने ब्लँकला धरायचा आणि दुसरा बांधायला घ्यायचा.

पहिला रॅप

सुरुवात पायाच्या टोकापासून तीनेक मिमी बाहेर, ब्लँकवर. दोऱ्याचं मोकळं टोक ब्लँकवर आडवं धरा, रॅप ज्या दिशेला जाणार त्या दिशेला, आणि त्याच्यावरून पाच-सहा वेढे घाला. आता ते टोक स्वतःच्याच वेढ्यांखाली अडकलं, गाठ मारायची गरज नाही. पहिले वेढे नखाने सरळ रेषेत आणा कारण रॅपची कड इथेच ठरते, ती तिरकी झाली तर पुढे काहीही केलं तरी तिरकीच दिसते. मग मोकळं टोक वर ओढून धरा आणि नवीन दाढीच्या ब्लेडने दोऱ्याच्या लगत कापा. ब्लेड ब्लँकवर दाबायचं नाही. ग्रॅफाइटवर पडलेला एक बारीक चरा म्हणजे उद्या रॉड मोडायची जागा.

आता चढत जा, बाहेरून गाईडच्या रिंगच्या दिशेने. नेहमी चढणीवर, उतारावर कधीच नाही, उतारावर दोरा घसरतो. दर दहा-बारा वेढ्यांनी थांबून गुळगुळीत गोल वस्तूने, पेनाच्या टोपणाने किंवा चमच्याच्या पाठीने, वेढे एकमेकांकडे ढकलून दाबून घ्या. पाय सुरू होतो तिथे दोन्ही बाजूला दोरा आणि ब्लँक यांच्यामधे छोटा बोगदा राहतो, तो राहणारच, तो इपॉक्सीने भरायचा आहे.

शेवट करायच्या आठ-दहा वेढे आधी एका वेगळ्या दोऱ्याचा किंवा बारीक मोनो लाइनचा फास ब्लँकवर आडवा ठेवायचा, फासाचं गोल टोक पुढच्या दिशेला म्हणजे रिंगकडे. आता त्याच्यावरून उरलेले वेढे घाला, शेवटच्या वेढ्याला अंगठ्याने दाबून धरा, दोरा दहा सेंटीमीटर ठेवून कापा, टोक फासातून ओवा आणि फासाची मागची टोकं ओढा. दोऱ्याचं टोक वेढ्यांच्या खालून ओढलं जातं आणि मधेच कुठेतरी बाहेर येतं. एका दमात, पण हळू ओढा. मग टोक ताणून ब्लेडने कापा आणि टोपणाने ती जागा दाबून बुजवा. फास नेहमी रॉडच्या अशा बाजूला ठेवा जी बघणाऱ्याला दिसत नाही, गाईडच्या पायाच्या बरोबर वर ठेवला तर तिथे उंचवटा येतो.

एका पायाचे गाईड असतील तर रिंगजवळ पोचल्यावर तीन-चार वेढे फ्रेमच्या पुढच्या बाजूनेही घ्या आणि मग संपवा. याला फॉरहान रॅप म्हणतात, जोर आला तरी पाय दोऱ्याखालून निसटत नाही. सगळे गाईड झाले की टिपकडून, म्हणजे रॉडच्या निमुळत्या टोकाकडून, एक डोळा मिटून रिंगांमधून बघा आणि प्रत्येक गाईड अंगठ्याने रेषेत आणा. घाई करू नका, इपॉक्सी लागल्यावर हे करता येत नाही.

रंगीत पट्टी

साध्या रॅपमधे दुसऱ्या रंगाच्या तीन-चार वेढ्यांची पट्टी ही सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त उठून दिसणारी गोष्ट आहे. गडद निळ्या रॅपच्या कडेला चंदेरी पट्टी बघा एकदा, बाकी काही लागत नाही.

पद्धत अशी. मुख्य रंगाचे वेढे चालू असताना पट्टीच्या जागेच्या आठेक वेढे आधी दुसऱ्या रंगाचं टोक ब्लँकवर आडवं ठेवा आणि मुख्य दोऱ्याने त्याच्यावरून गुंडाळत पट्टीच्या जागेपर्यंत या. आता अदलाबदल, मुख्य दोरा आडवा झोपवायचा आणि पट्टीचा दोरा उचलून त्याच्यावरून चार वेढे घ्यायचे. मग परत अदलाबदल, पट्टीचा दोरा झोपवा, मुख्य दोरा उचला आणि पट्टीच्या शेपटावरून आठेक वेढे घालून ते शेपूट कापून टाका. मुख्य दोरा कुठेच तुटत नाही त्यामुळे पकड तशीच राहते. अदलाबदल होते तिथे दोरा किंचित तिरका दिसतो, म्हणून दोन्ही अदलाबदली ब्लँकच्या त्याच बाजूला, गाईडच्या विरुद्ध अंगाला करा. सगळ्या गाईडवर एकाच रेषेत. अदलाबदल करताना जो दोरा सोडताय त्याचा ताण सुटतो, तो बोटाने धरून ठेवा, इथेच बहुतेकांच्या पट्टीशेजारी फट पडते.

वेढे मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. एका गाईडवर चार आणि पुढच्यावर पाच झाले तर दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही कदाचित, पण तुम्हाला ते प्रत्येक वेळी दिसेल.

डायमंड आणि शेवरॉन

हँडलच्या वरचा फुलीफुलीचा पॅटर्न बघून लोक घाबरतात, पण त्यामागचं गणित साधं आहे. एक दोरा मळसूत्रासारखा वर जातो, एक उलट्या दिशेने खाली येतो, आणि दोघं ब्लँकच्या दोन बाजूंना एकमेकांना छेदतात. वरच्या बाजूला ज्या दोन फुल्या येतात, बरोबर त्यांच्या मधोमध पण खालच्या बाजूला आणखी एक फुली येते. म्हणून आधी ब्लँकवर समोरासमोर दोन सरळ रेषा आखून घ्या, पांढऱ्या पेन्सिलीने, आणि वरच्या रेषेवर समान अंतराच्या खुणा करा, खालच्या रेषेवर त्याच अंतराच्या पण अर्ध्याने सरकवलेल्या.

अंतर किती ठेवायचं? ब्लँकचा घेर जेवढा तेवढंच दोन फुल्यांमधलं अंतर ठेवलं तर दोरे काटकोनात छेदतात आणि चौकोनी डायमंड मिळतो. ब्लँक १२ मिमी जाड असेल तर घेर जवळपास ३८ मिमी. त्याहून जास्त अंतर ठेवलं तर डायमंड लांबट होतो, मला स्वतःला लांबट जास्त आवडतो, रॉडच्या उंचीला शोभतो. ब्लँक वर निमुळता होत जातो म्हणून फार लांब पॅटर्न करत असाल तर वरची अंतरं थोडी थोडी कमी करत न्या.

पॅटर्नच्या दोन्ही टोकांना दुहेरी टेपची पट्टी गुंडाळा, दोरे तिथे चिकटतात. पहिला दोरा खालून सुरू करून खुणांवरून वर न्या, वर टेपवर एक वेढा घेऊन उलट दिशेने खाली या. पहिल्या फुल्या नेमक्या खुणेवर बसवायला जो वेळ लागेल तो द्या, कारण पुढचा प्रत्येक दोरा या पहिल्याला टेकून बसणार आहे. डायमंड हवा असेल तर नवीन दोरे मधल्या दोऱ्याच्या एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असे लावत जायचं, फुलीभोवती चौकट मोठी होत जाते. शेवरॉन हवा असेल तर प्रत्येक नवीन दोरा एकाच बाजूला, समजा नेहमी टिपच्या बाजूला, मग व्ही वर व्ही चढत जातात. फरक फक्त एवढाच आहे, दोरे तेच, हात तोच.

रंगांची संख्या आधी ठरवा, उदाहरणार्थ मधे दोन सोनेरी, मग चार काळे, मग दोन पांढरे, मग परत काळे. जाड गडद रेघ आणि बारीक फिकट रेघ असा तोल ठेवला की पॅटर्न लांबूनही वाचता येतो, सगळे रंग सारख्या जाडीचे केले की गिचमीड होते. दर फेरीनंतर प्रत्येक फुली रेषेवर आहे का बघा आणि नसेल तर टोपणाने ढकलून आणा, एक फेरी झाली की फुली हलते, पाच फेऱ्या झाल्या की हलत नाही. रॉडच्या दुसऱ्या अंगालाही बघायला विसरू नका, समोरचं सुंदर आणि मागचं वाकडं असे रॉड खूप पाहिलेत.

पॅटर्न झाला की दोन्ही टोकांना टेपच्या आतल्या बाजूने साधा एका रंगाचा रॅप घट्ट घाला, एक-दीड सेंटीमीटर, मग बाहेरचे दोरे ब्लेडने कापून टेप काढा आणि तोच रॅप पुढे वाढवून कापलेली टोकं झाकून टाका.

इपॉक्सी

प्रिझर्व्हर लावला असेल तर तो बहुधा पाण्यावर आधारित असतो, पूर्ण वाळल्याशिवाय इपॉक्सी लावलं तर खाली दुधट ढग राहतात आणि ते कधीच जात नाहीत. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे वाळायला खूप वेळ लागतो. खुद्द इपॉक्सीचं पण तसंच, हवेत ओलावा जास्त असला की हार्डनर त्या ओलाव्याशी रिॲक्ट होतो आणि वर चिकट तेलकट थर किंवा धुरकटपणा येतो. म्हणून माझा क्रम असा की जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, गरवायला जाता येत नाही, तेव्हा दोऱ्याचं काम बसून करायचं, आणि रॉड धूळ न लागता प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवून इपॉक्सी ऑक्टोबरनंतर. एसी खोली असेल तर पावसाळ्यातही होतं.

रॉड फिनिशसाठीचं दोन भागांचं इपॉक्सीच वापरा, हार्डवेअरच्या दुकानातलं पाच मिनिटांत घट्ट होणारं पिवळं पडतं आणि रॉड वाकला की तडकतं. बहुतेक ब्रँडचं प्रमाण समसमान असतं, बाटलीवर वाचून खात्री करा, आणि अंदाजाने ओतू नका, दोन वेगळ्या सिरिंजने मोजा. रबराचा दट्ट्या नसलेल्या, नुसत्या प्लॅस्टिकच्या सिरिंज घ्या, रबरावर सिलिकॉन लावलेलं असतं आणि त्याने इपॉक्सीत गोल गोल खड्डे पडतात. थोडंसंच लागणार असलं तरी प्रत्येकी अडीच-तीन मिली घ्याच, फार थोडं घेतलं की मोजण्यातली छोटी चूक पण मोठी होते आणि मग आठवडा झाला तरी चिकटच राहतं. दोन-तीन मिनिटं हळू ढवळा, फेटू नका. मग ते अॅल्युमिनियम फॉइलवर पसरून ओता, बुडबुडे निघून जातात आणि पातळ थरात गरम होत नसल्यामुळे काम करायला जास्त वेळ मिळतो. नायट्राइल ग्लोव्हज घाला, इपॉक्सीची ॲलर्जी हळूहळू तयार होते आणि एकदा झाली की कायमची.

लावण्याआधी स्पिरिटच्या दिव्यावरून रॉड झरकन फिरवत न्या, दोऱ्याचे सुटे तंतू जळून जातात. झरकन म्हणजे झरकन, थांबलात तर नायलॉन वितळतो. मग बारीक चपट्या ब्रशने, ब्लँक फिरवत, सगळ्यात आधी पायाच्या बाजूचे बोगदे भरा. तिथे मोकळी जागा राहिली तर खारं पाणी शिरतं आणि पाय आतून गंजतो, बाहेरून काही दिसत नाही. त्यानंतर पूर्ण रॅपवर, आणि दोन्ही कडांना एक-दीड मिमी ब्लँकवर जाईल इतकं. दहा मिनिटं मुरू द्या, मग फिरवणं थांबवून बघा, खाली थेंब लोंबत असेल तर ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर नेहमी चांगले, जाड थराने गाईडजवळ फुगीर गोळा होतो आणि नाजूक रॉड जड होतो.

बुडबुडा राहिला तर रॅपखालून दिव्याची ज्योत क्षणभर न्या, इपॉक्सी पातळ होतं आणि बुडबुडा फुटतो.

रॉड फिरवत ठेवायला मायक्रोवेव्हच्या थाळीखालची छोटी मोटर उत्तम, मिनिटाला पाच-सहा फेरे, दुरुस्तीवाल्याकडे किंवा ऑनलाइन मिळते. तिच्यावरचं व्होल्टेज वाचून घ्या, काही २२० व्होल्टच्या असतात तर काही २१ किंवा ३० व्होल्टच्या, दुसऱ्या प्रकारची थेट प्लगला जोडली तर जळेल. चालू करताना ती कधी डावीकडे फिरते कधी उजवीकडे, त्याने काही फरक पडत नाही. इपॉक्सी वाहायचं थांबेपर्यंत, म्हणजे काही तास, मोटर बंद करू नका, लाइट जायची शक्यता असेल त्या दिवशी हे काम घेऊच नका किंवा दर काही मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्यायला कुणाला तरी बसवा. दुसरा थर २४ तासांनी, आणि त्यानंतर रॉड वाकवण्याआधी आणखी दोन-तीन दिवस थांबा.

पुढे कधी गाईडची रिंग तडकली आणि तो बदलायचा झाला तर हेअर ड्रायरने किंवा हीट गनच्या कमी सेटिंगवर इपॉक्सी थोडं मऊ करा, ब्लेड फक्त गाईडच्या धातूच्या पायावरून चालवून दोरा कापा, ब्लँकवर चालवू नका, आणि मग सगळं कवच नखाने सोलून काढा. खाली राहिलेलं इपॉक्सी प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने खरवडायचं, पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि नवीन गाईडच्या पायाला परत कानस.